इतिहास कशावर उभा असतो?



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आज थोडे वेगळे बोलू. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, असे शाळेत आपल्या मनात बसते. मग आपल्या वावराशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि जवळचा आहे.

आपल्या वऱ्हाडचेच पाहा. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. भाव चढला-उतरला हे आपल्या वाडवडिलांना दिसले. कारण मात्र सात समुद्रांपलीकडे होते. काय घडले ते लिहिणे ही झाली नोंद. ते का घडले हे शोधणे, तो इतिहास.

आता दुसरी बाजू. कपाशीचा पेरा वाढला ही सरकारी लेखी भरभराट होती. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने १९९७ साली वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर पुस्तक लिहिले. कापसाच्या मागे लागून ज्वारी आणि गुरांची चराई मागे पडली, म्हणून दुष्काळात माणूस उघडा पडला, असे त्यांचे म्हणणे. कापूस तोच, वऱ्हाड तेच; अर्थ दोन!

मग ज्याला जे वाटेल ते खरे मानायचे का? तसे नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करत, कारण पुराव्याशिवाय इतिहास नाही. आणि महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून विचारले, की शेतकऱ्याच्या बाजूने हे सारे कसे दिसते? पुरावा हवा आणि योग्य प्रश्नही हवा. या दोन खांबांवर इतिहास उभा असतो.

हे मी पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीची सुरुवात होती. खारपाणपट्ट्यातल्या एका गावात पऱ्हाटी बुडाली. मी पर्जन्यमापकाचा आकडा पाहिला. महिन्याचा पाऊस सरासरीइतका भरत होता. अहवालात लिहून मोकळा झालो, “पाऊस पुरेसा, मशागतीत हयगय.”

नंतर त्या गावी गेलो, तेव्हा एका आजीने भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. तिला अक्षर येत नव्हते, पण पाणी पडला त्या दिवशी ती पेन्सिलीने ठिपका द्यायची. महिन्याच्या आरंभी दोन ठळक ठिपके, आणि पुढे पोळ्यापर्यंत बावीस दिवस कोरे!

आजी म्हणाली, “सायेब, पानी त पडला, पन पाती गळत होती तवा कुठी होता?”

पर्जन्यमापक खोटा नव्हता, ठिपकेही खोटे नव्हते. मी प्रश्न चुकीचा विचारला होता. पाऊस किती पडला हे पाहिले, कधी पडला हे पाहिलेच नाही. मी वर पुन्हा लिहिले, पण मदतीची यादी लागून गेली होती. त्या गावाचे नाव तीत नव्हते.

वर्ष सरल्यावर आजीचे कॅलेंडर रद्दीत गेले. माझा अहवाल फायलीत राहिला. पन्नास वर्षांनी कोणी तो वाचला, तर त्याला त्या गावचे लोक आळशीच वाटतील. हे मनाला अजून टोचते.

म्हणून एक विनंती. २०२१ पासून ई-पीक पाहणीत पेऱ्याची नोंद तुम्हीच मोबाईलवर करता. पण तिथे पीक कळते, ते का बुडाले ते कळत नाही. यासाठी घरात एक जाड वही ठेवा. पेरणीची तारीख, वाण, पावसाचे दिवस, उघाड, कीड पहिल्यांदा दिसली तो दिवस, खर्च, विकलेला भाव आणि घेतलेले कर्ज त्यात लिहा. वाटले ते नव्हे, पाहिले ते लिहा. घरातल्या शाळकरी मुलीला हे काम द्या आणि वही जपून ठेवा.

पुढच्या हंगामात काय पेरावे हे ठरवताना ती उपयोगी पडेलच. शिवाय आपले आपण लिहिले नाही, तर दुसरा कोणी लिहील, आणि तो माझ्यासारखा घाईत असू शकतो.