पत्त्यातल्या आकड्याने किती बोलावं?



आपल्या रत्नागिरीत पत्ता सांगताना गावानंतर वाडी येते. कुणबीवाडी, ब्राह्मणवाडी, बौद्धवाडी. पोस्टमनला घर सापडावं एवढंच पत्त्याचं काम, पण पाकीट हाती घेणाऱ्या प्रत्येकाला तो आपली जातही सांगतो. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. (महारवाडीची बौद्धवाडी आपण त्याआधीच केली होती, ओळखणारे तरीही ओळखतातच.)

इंटरनेटवरच्या निनावी पत्त्यांपुढेही हाच प्रश्न आहे. टॉर नावाच्या जाळ्यात '.ओनियन'ने संपणारे पत्ते असतात. अशी साइट कुठल्या यंत्रावर आहे ते भेट देणाऱ्याला कळत नाही आणि भेट देणारा कुठून आला ते साइटला कळत नाही. कार्यालयातला गैरव्यवहार पत्रकाराला कळवणाऱ्यासाठी हा मोठा आधार आहे. जुने पत्ते १६ अक्षरी होते. त्यांच्या किल्ल्या कमकुवत ठरल्या म्हणून ५६ अक्षरी, तिसऱ्या आवृत्तीचे पत्ते आले. त्यांच्या शेवटी आवृत्तीचा आकडा गुंफलेला असतो, म्हणून यातल्या प्रत्येक पत्त्याचं शेवटचं अक्षर 'डी'च असतं. सगळ्यांचं एकच. मला हे फार आवडतं.

कुणी म्हणेल, आकडा आणखी बोलका करा. साइट कोणत्या सोयी देते, किती नवी आहे, हे पत्त्यावरूनच कळलं तर हेलपाटा वाचेल. माझा याला विरोध आहे. हजार साइटींपैकी दहांचाच आकडा निराळा असेल, तर त्या दहा गर्दीतून उठून दिसतील. गावात आपलं एकच घर असलं की नाव न घेताही बोट कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळतं, तसंच हे. आकड्याने एवढंच सांगावं: हा पत्ता कसा वाचायचा, त्यात कुठल्या प्रकारची किल्ली आहे.

बाकीचं सांगायला दुसरी जागा आहेच. प्रत्येक साइट जाळ्यात आपलं माहितीपत्रक ठेवते, त्याला स्वतःचा आवृत्ती क्रमांक असतो आणि पत्ता ठाऊक असलेल्यालाच ते वाचता येतं. २०२३ मध्ये, साइटीवर खोट्या भेटींचा मारा झाला तर येणाऱ्या संगणकाकडून आधी थोडं गणित सोडवून घेण्याची सोय आली. ती माहितीपत्रकातून आली, पत्ते होते तेच राहिले.

पत्ता बदलणं साधी गोष्ट नाही. इथे पत्ता म्हणजेच किल्ली. किल्ली बदलली की पत्ता नवा, आणि जुन्यावर आलेलं टपाल पुढे पाठवणारं पोस्ट ऑफिस नाही. जुना पत्ता पत्रकावर छापला असेल तर ते पत्रक रद्दी.

क्वांटम संगणक ताकदवान झाले की आजच्या किल्ल्याही तुटतील. तेव्हा चौथा आकडा जरूर आणा. तिसरी आवृत्ती २०१८ च्या सुरुवातीला सर्वांच्या हाती आली आणि जुने पत्ते ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झाले, म्हणजे जवळपास चार वर्षं मिळाली. पुढच्या वेळी त्याहून कमी मुदत चालणार नाही. वाडीवाडीत पत्रक पोचवायला आपल्याला वेळ लागतो.