बॅटरीवरचं घरगुती विमान : रीलमध्ये सोपं, वजनात अवघड

घरी बनवलेल्या विमानांच्या रील गावागावांत फिरतात. त्यात आता बॅटरीच्या विमानाची भर पडली आहे. ना पेट्रोल, ना आवाज. पोरांना वाटतं, ई-बाईकची मोटार आणि बॅटरी बसवली की झालं काम. खरंच इतकं सोपं आहे का?

अशक्य नाही. अमेरिकेत रँडल फिशमन यांनी २००८ मध्ये घरी जोडायच्या किटच्या एका माणसाच्या विमानाला १८ हॉर्सपॉवरची विजेची मोटार बसवून ते उडवलं. बॅटरी होती ५.६ युनिटची.

मोटारीची अडचण नाहीच. अडचण आहे बॅटरीच्या वजनाची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरी ३ युनिट कामी येतात. एक किलो बॅटरीत मात्र ०.२ युनिटच्या आसपासच मावतं. म्हणजे एक किलो पेट्रोलच्या कामाला १५ किलो बॅटरी. शिवाय पेट्रोल संपेल तसं विमान हलकं होतं, बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच राहतं. फवारणीचा ड्रोन ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बॅटरी किती लवकर बदलावी लागते, ते त्यांना ठाऊक आहे.

कारखान्यात बनलेल्या विमानालाही हाच हिशेब लागू आहे. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी 'वेलिस इलेक्ट्रो'ला जून २०२० मध्ये युरोपात रीतसर प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळालेलं ते जगातलं पहिलं विजेचं विमान. तरी ते उडतं जास्तीत जास्त ५० मिनिटं, आणि वर थोडी राखीव वीज. म्हणून ते मुख्यतः शिकाऊ वैमानिकांसाठी वापरतात. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'ई-हंसा' जाहीर केलं, तेही प्रशिक्षणासाठीच. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी वैमानिक घडतात, तिथे अशा विमानाचा उपयोग होऊ शकतो. गावातून मुंबईला जायला नाही.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून एका हुशार तरुणाचा जीव गेला. ते इंजिनवरचं होतं. विजेची मोटार तर आवाज न करता, एका बटणावर पूर्ण जोरात फिरते. इंजिन बंद करता येतं, पण बॅटरीतली वीज बंद होत नाही. ती पेटली तर विझवणं कठीण.

मग पोरांनी काहीच करू नये का? करावं, पण टप्प्याने. आधी रिमोटचं छोटं विमान. मोटार तपासताना पंखा काढून ठेवायचा. माणूस बसवायचा तर डीजीसीएची परवानगी हवीच. अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया'त सगळ्यांनी पाहिलं, पण नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडलं. आणि ते स्वतः वैमानिक आहेत.

आपल्या गावात असा पोरगा असेल तर त्याची थट्टा करू नका. नुसती हवाही भरू नका. त्याला आधी वजनाचा हिशेब मांडायला बसवा.