नाकावरची पुटकुळी आणि घरातलं मौन



गेल्या वर्षी माझ्या नाकाशेजारी एक पिवळसर पुटकुळी आली आणि जाईचना. इथल्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी ती बघून विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर?" मी सवयीने "नाही" म्हणालो. मनात म्हटलं, कुठे पुटकुळी, कुठे आतडं!

पण संबंध असू शकतो. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्या काहींना त्वचेतल्या तैलग्रंथींच्या विशिष्ट गाठी येतात. त्याला म्युर-टोरे सिंड्रोम म्हणतात. प्रकार दुर्मिळ आहे. साधे तीळ, चामखीळ, वांग यांचा याच्याशी संबंध नाही, तेव्हा लगेच आरसा घेऊन बसू नका.

त्या रात्री आईला फोन केला. काका "पोटाच्या आजाराने" गेले एवढंच आम्हाला माहीत. नेमकं काय झालं होतं? आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आतड्याचा कॅन्सरच होता. त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. आत्याची पिशवी काढली, तीही कॅन्सर म्हणूनच." इतकी वर्षं का नाही बोललीस? "मुलींची लग्नं व्हायची होती रे."

गर्भाशयाचा कॅन्सरही लिंचमध्ये येतो. आणि मी मात्र बारा वर्षं प्रत्येक फॉर्मवर "फॅमिली हिस्टरी: नाही" लिहीत आलो!

पुटकुळी निरुपद्रवी निघाली. कोलोनोस्कोपीत दोन पॉलिप सापडले, ते काढले. जनुकचाचणी शक्यतो आधी आत्याची व्हावी, कारण ज्याला कॅन्सर झाला त्याच्यापासून सुरुवात केली की उत्तर स्पष्ट मिळतं. तिला हे कसं विचारायचं, या विचारात सध्या आहे. पण विचारणार. आई-बाबांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि मला दोन मुलं आहेत.

अमेरिकेत २००८ च्या जीना कायद्यानुसार हेल्थ इन्शुरन्सवाले किंवा नोकरी देणारे अशा चाचणीचा निकाल तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाहीत. लाइफ इन्शुरन्सला मात्र हे संरक्षण नाही, ते आधी बघा.

माझं मत एवढंच: त्वचेवरच्या डागाची काळजी डॉक्टरांवर सोपवा. आपलं काम वेगळं आहे. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा हवापाण्याच्या गप्पांनंतर विचारा, कोण कशाने गेलं आणि कितव्या वर्षी? "पोटाचा आजार" या उत्तरावर थांबू नका.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
न्यू जर्सीकर