औषधांच्या चिठ्ठीत आहारही हवा

रक्ताच्या कर्करोगावर उपचार सुरू झालेले मूल महिनाभराने घरी येते, तेव्हा त्याचे गाल फुगलेले आणि पोट सुटलेले असते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘बरे झाले, अंग धरले!’ आईवडिलांनाही हायसे वाटते. प्रत्यक्षात ही सूज आणि चरबी बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. याच औषधाने भूक भडकते आणि मूल रात्री-अपरात्री खायला मागते. त्याच काळात हातापायांचे स्नायू मात्र झिजत असतात. काट्यावर वजन वाढते आणि अंगातली ताकद घटते.

उलटही घडते. मूत्रपिंडात किंवा यकृतात मोठी गाठ असलेल्या मुलाचे वजन वयाला साजेसे भरते, कारण त्या वजनात गाठही मोजली जाते. म्हणून अशा मुलांचे पोषण जोखायला नुसता वजनकाटा पुरत नाही, दंडाचा घेरही मोजावा लागतो. त्यासाठी लागणारी पट्टी अंगणवाडी सेविकांच्या रोजच्या वापरातली आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण मानतात. मोठ्या मुलांसाठी वयानुसार तक्ते आहेत. मोजायला मिनिटभर पुरते. प्रश्न इतकाच, की कर्करोगाच्या प्रत्येक बालरुग्णाचा दंडघेर पहिल्याच दिवशी आणि पुढे दर भेटीत मोजला जातो का?

हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. कुपोषित मुलाला केमोथेरपी सोसत नाही. जंतुसंसर्ग लवकर होतो, मग मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची तारीख लांबते. दुसरीकडे, तीव्र ल्युकेमियात अतिरिक्त वजन असलेल्या मुलांमध्ये उपचारांचे परिणाम तुलनेने वाईट आढळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. उशिरा होणारे निदान आणि अर्ध्यावर सुटणारे उपचार ही या तफावतीची मोठी कारणे आहेत. कुपोषण त्यात भर घालते, आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

घरी काय करायचे, हे सांगणारे कुणी नसले की ऐकीव सल्ले कामाला येतात. ‘साखरेने कर्करोग वाढतो’ म्हणून गोड बंद होते, मग दूध, अंडी, डाळही पथ्यात जातात आणि मूल काढ्यांवर राहते. खरी गरज वेगळी असते. तोंड आले असेल तेव्हा तिखट-आंबट टाळून मऊ खिचडी, नाचणीची पेज, पूर्ण उकडलेले अंडे द्यावे. मळमळत असेल तर दर दोन तासांनी थोडे थोडे भरवावे. काही औषधांनी बद्धकोष्ठता होते. तेव्हा पाणी आणि भाज्या वाढवाव्यात. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलाला उपाशी ठेवू नये. वेफर, पापड, फरसाण आणि गोड पेये मात्र दूर ठेवावीत. पांढऱ्या पेशी कमी असताना उघड्यावरचे खाणे नको; अन्न ताजे शिजवलेले आणि पाणी उकळलेले असावे. तरीही पोटात काही जात नसेल, तर नाकातून नळी घालून अन्न देणे ही शिक्षा नसून उपचारच आहे. कोणत्या मुलाला काय आणि किती, हे मात्र आहारतज्ज्ञानेच ठरवायला हवे.

नेमका हा माणूस अनेक रुग्णालयांत नसतो. कडल्स फाउंडेशनसारख्या संस्था रुग्णालयांत आहारतज्ज्ञ पुरवतात, तर सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे बाहेरगावच्या कुटुंबांना निवारा देतात. त्यांचे काम मोलाचे आहे, पण मुलाच्या ताटाची जबाबदारी केवळ दानशूरांवर सोडणे योग्य नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार मात्र दोन-अडीच वर्षे चालतात आणि त्यातला मोठा काळ मूल रुग्णालयाबाहेर असते. तेव्हा मजुरी बुडालेल्या बापाने अंडी आणि दूध कशातून आणायचे?

उत्तर सरकारकडेच आहे. क्षयरुग्णांना पोषणासाठी २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. आहार हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व तिथे मान्य झाले. तेच कर्करोग झालेल्या मुलांना लागू करावे. बालकर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात आहारतज्ज्ञाचे कायम पद असावे, दंडघेराची नोंद सक्तीची व्हावी आणि उपचार संपेपर्यंत पोषणभत्ता मिळावा. महागड्या औषधांची सोय करताना मुलाचे ताट रिकामे राहिले, तर त्या खर्चाचेही पुरते चीज होणार नाही.