घरातली वही



"लिहावेसे वाटते, पण लिहिता येत नाही. काय करावे?" हा प्रश्न आम्हाला शाळेत मुले विचारतात, पालकसभेनंतर त्यांच्या आया विचारतात, कधी निवृत्त झालेले एखादे चाचाही विचारतात. लेखन सुधारावे म्हणून कोणी सुविचारांचे पुस्तक विकत आणतो, कोणी अवघड शब्दांची यादी पाठ करतो. आम्ही मात्र सर्वांना एकच उपाय सांगतो. शंभर पानी वही आणा आणि ती घरात सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा.

हा उपाय आमच्या डोक्यातून निघालेला नाही. बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपण ऐकले असेल. १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. मुंबईतल्या त्यांच्या सुलेमानी बोहरा घराण्यात एकोणिसाव्या शतकात एक सुंदर रीत सुरू झाली. घरात एक वही असे आणि तिला 'अखबार' म्हणत. ती छापली जात नसे, विकली जात नसे. कुटुंबातील लहानथोर, स्त्री-पुरुष, कोणीही तिच्यात लिहावे आणि इतरांनी वाचावे. कोण आले, कोण प्रवासाला निघाले, कोण आजारी आहे, एखाद्या प्रश्नावर कोणाचे मत काय, असा सगळा मजकूर तिच्यात येई. विशेष म्हणजे या घराण्याची मूळ बोली गुजराती होती. उर्दू त्यांनी पुढे ठरवून स्वीकारली. म्हणजे कमावलेल्या भाषेत लिहिण्याचा सराव त्यांनी घरच्या वहीतच केला.

घरच्या लोकांसाठी लिहिण्याची ही सवय किती दूर नेते, ते अतिया फैजी यांच्या उदाहरणावरून कळते. आईकडून त्या याच तय्यबजी घराण्यातल्या. त्यांची बहीण नाझली बेगम आपल्या कोकणातल्या जंजिरा संस्थानच्या नवाबांची पत्नी. १९०६ साली अतिया अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथे जे पाहिले, ते लिहून त्या घरी बहिणींना पाठवत राहिल्या. थोरल्या बहिणीने ते लेखन छापण्यासाठी नीट लावले आणि लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात ते क्रमाने आले. हे साप्ताहिक १८९८ साली सुरू झाले होते आणि मुहम्मदी बेगम त्याच्या संपादिका होत्या. पुढे १९२१ साली त्याच रोजनिशीचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. अतियांनी लिहिले ते बहिणींना कळावे म्हणून. पुस्तक नंतर झाले.

नवशिक्याची पहिली अडचण इथेच असते. तो 'समाजा'साठी लिहायला बसतो. समाज म्हणजे कोण, हे डोळ्यांसमोर येत नाही. मग लेखणी आपोआप भाषणाच्या सुरात जाते. त्याऐवजी एकच वाचक धरावा. नाशिकला दिलेली बहीण असेल, दुबईला नोकरीला गेलेला भाऊ असेल. त्याला काय ठाऊक आहे, काय सांगावे लागेल, कुठे तो हसेल, हे आपल्याला नेमके माहीत असते. मिर्झा गालिब यांची उर्दू पत्रे अशीच आहेत. लांबलचक मायने सोडून ते समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे लिहीत. १८५७ नंतरच्या दिल्लीची पडझड, पावसात गळणारे छत, मित्रांची आठवण, सगळे त्यात येते. ही पत्रे छापावीत असे प्रथम सुचवले गेले, तेव्हा गालिब यांनी नकार दिला होता. घाईघाईत लिहिलेले ते काय छापायचे, असे त्यांना वाटे. अखेर १८६८ साली 'ऊद-ए-हिंदी' आणि १८६९ साली 'उर्दू-ए-मुअल्ला' हे पत्रसंग्रह निघाले. आज उर्दू गद्याचा नमुना म्हणून तीच शिकवली जातात.

दुसरी अडचण तयार वाक्यांची. वर्गात ईदवर निबंध लिहायला सांगितला की चाळीस वह्यांत एकच निबंध येतो. 'ईद हा आमचा पवित्र सण आहे. या दिवशी आम्ही नवीन कपडे घालतो. आम्ही शीरखुर्मा खातो व एकमेकांना गळाभेट देतो.' यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि एकही त्या मुलाचे नाही. एकदा एका मुलीने मात्र लिहिले होते, 'चाँदरातीला अम्मी दोन वाजेपर्यंत मशीनवर बसली होती. गल्लीतल्या अकरा जणींचे कपडे शिवून झाले. माझ्या कुडत्याच्या बाह्या राहिल्या. सकाळी मी टाचण्या लावून नमाजानंतर सगळ्यांना भेटले.' शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. तरीही तो निबंध आम्ही वर्गात वाचून दाखवला. 'माझी आई कष्टाळू आहे' हे वाक्य तिने कुठेच लिहिले नव्हते, आणि ते प्रत्येकाला कळले होते.

म्हणून आधी पाहावे, मग लिहावे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हेही याच तय्यबजी परिवारातले. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले आणि दिसेल ते टिपून ठेवले. नर अर्धेच घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तरच मुक्काम करते, मग नर ते पुरे करतो. 'सुगरण किती कुशल पक्षी आहे' एवढेच लिहिले असते, तर आपल्याला काय कळले असते? स्तुतीचा शब्द लिहावासा वाटला की थांबावे आणि ज्यामुळे तो सुचला, ती गोष्ट लिहावी.

तिसरी अडचण आपल्या घरांची खास. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी. त्यामुळे 'माझी मराठी शुद्ध नाही' ही भीती लेखणीवर बसलेली असते. काही चुका खरोखर होतात, आणि त्या ठरावीक आहेत. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'मोठा घर', 'माझा पुस्तक' असे येते. उर्दूत 'ण' आणि 'ळ' नाहीत, म्हणून 'पाणी'चे 'पानी' आणि 'शाळा'चे 'शाला' होते. 'अम्मीने मला बोलली' असे लिहिले जाते, तिथे 'अम्मी मला म्हणाली' हवे. या तीन-चार चुकांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करावी आणि लिहून झाल्यावर तिच्याशी ताडून पाहावे. लिहिताना मात्र तिची आठवणही काढू नये.

पण चूक वेगळी आणि घरचा शब्द वेगळा. दस्तरखान, सहरी, खाला, फुफी हे शब्द बदलून लिहू नयेत. 'दस्तरखान अंथरला आणि सगळे जेवायला बसले' एवढे लिहिले की शेजारच्या वाचकालाही अर्थ कळतो. शिवाय मराठी ही काही आपल्याला परकी जागा नाही. कागद, कलम, शाई, दौत, मसुदा, मजकूर, तारीख हे लिहिण्याच्या कामाचेच मराठी शब्द पाहा. सगळे फारसी-अरबीतून आले आणि इथलेच झाले. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच रचला.

आता रोजची रीत. इशाच्या नमाजानंतर दहा ओळी लिहाव्यात. आठवड्यात निदान चार दिवस. प्रत्येक नोंदीत एक नाव, एक आकडा आणि कोणाच्या तरी तोंडचे एक वाक्य असावे. लिहिलेले त्याच रात्री सुधारू नये. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य लांबले आहे, ते तोडावे. पहिल्या दोन ओळी बहुधा प्रस्तावनेच्या असतात, त्या खोडून पाहाव्यात. मग घरातल्या एकाला वाचायला द्यावे आणि 'कसे वाटले?' असे न विचारता 'काय कळले?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला कौतुक मिळते, दुसऱ्याला खरे उत्तर.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. घरातली वही ही अमानत आहे. कोणाची गीबत तिच्यात नको, आणि कोणाचे दुःख त्याला न विचारता घराबाहेर पाठवायला नको. सूरह अल-बकरामधली कुरआनची सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या नोंदीविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, ती मुदतीसह लिहून ठेवावी आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी शिकवण तिच्यात आहे. उधारीच्या चार ओळींत जर न्याय हवा, तर माणसांविषयी लिहिताना तो किती हवा! सासूविषयी लिहिलेले सासूसमोर वाचता आले पाहिजे. तेवढे झाले तर लेखन आपोआप सरळ होते.

या वहीची घाई आम्हाला आणखी एका कारणाने वाटते. आपल्या घरांविषयी बाहेर पुष्कळ लिहिले जाते. ते लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी आपला उंबरठाही ओलांडलेला नसतो. त्यावर आपण चिडतो, दिवाणखान्यात तावातावाने बोलतो, आणि उठून जातो. उत्तर म्हणून ठेवायला आपल्याकडे कागदावर काही नसते. दादींनी दुष्काळात घर कसे चालवले, नाना गिरणीत कोणत्या खात्यात होते, गावच्या उरुसात कोणाकोणाच्या घरून जेवण येई, हे सांगणारी माणसे एकेक करून उठून चालली आहेत. त्यांच्यानंतर ते सांगणारे कोणी उरणार नाही.

तेव्हा या आठवड्यात वही आणा. पहिल्या पानावर तारीख घाला. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि लहानपणी त्यांच्या घरी पाणी कुठून यायचे, एवढेच विचारा. ते जसे सांगतील, तसे दहा ओळींत लिहा. इंशाअल्लाह, अकरावी ओळ मागावी लागणार नाही.