दोन दिवस त्यांचे

माझा भाचा आणि त्याची दुल्हन दोहाला असतात. ती नर्स, तो रात्रपाळीला. दोघांची सुट्टी एका दिवशी क्वचितच येते. गेल्या वर्षी वीस दिवसांच्या रजेवर सांगलीला आले, तर पंधरा दिवस दावतींतच गेले. जाताना ती हळूच म्हणाली, "खाला, सगळ्यांना भेटलो, आम्हीच तेवढे राहिलो."

ते मनाला लागलं. यंदा सप्टेंबरात येताहेत. आपा आणि मी कपडे-भांड्यांऐवजी साताऱ्याच्या दोन रात्री भेट द्यायचं ठरवलंय. कास पठारावर फुलांचा बहर असेल. पश्चिम घाटासोबत कासही २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहरात रोज ठराविकच लोकांना सोडतात, म्हणून ऑनलाइन नोंदणी आधी. शनिवार-रविवारी तिथं जत्रा भरते. रजेवरच्या माणसाला शनिवार कशाला हवा? मंगळवारी निघून गुरुवारी परत. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ठोसेघरचा धबधबा, बस्स. महाबळेश्वर कोंबायचं नाही.

हॉटेलात दोघांचीही ओळखपत्रं लागतात, दुल्हनच्या पासपोर्टवर अजून माहेरचं नाव आहे. निकाहनाम्याची प्रत सोबत ठेवायला सांगितलंय. हलाल जेवणाचं आधीच फोनवर विचारलं.

खरी अडचण घरातलीच. आपाला वाटलं होतं, मोठी गाडी करून पोरासोरांसह सगळेच जाऊ! समजावता समजावता रात्र झाली. आता म्हणते, निदान डबा तरी देऊ.

द्यावा की. डब्यासोबत कुणी बसायचं नाही, एवढंच.