आवेश नको, खातरजमा हवी

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ताज हॉटेल आणि नरिमन हाउस येथील कमांडो कारवाईचे थेट प्रक्षेपण वृत्तवाहिन्यांवरून अहोरात्र सुरू होते. तो पडदा पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही पाहत होते आणि दूरध्वनीवरून आतील दहशतवाद्यांना सावध करीत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या फाशीवर शिक्कामोर्तब करताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. माध्यमांचे नियमन माध्यमांनीच करावे, या युक्तिवादाला वाहिन्यांच्या त्या वर्तनानेच बाध आणला, असे न्यायालयाने नमूद केले. अखेर २०१५ साली केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई करण्यात आली.

खासगी वाहिन्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दूरदर्शनच्या बातमीपत्रांवरील सरकारी छाप त्यांनी पुसली. १९९९ साली कारगिलमधील जवानांचा पराक्रम त्यांनी घराघरांत पोहोचविला. परंतु चोवीस तास पडदा भरता ठेवण्याच्या आणि स्पर्धकाच्या आधी बोलण्याच्या हव्यासापायी वार्ताहर मागे पडला आणि आरडाओरडा करणारा सूत्रसंचालक पुढे आला.

त्याची परिणती मे २०२५मध्ये दिसली. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, ८ मेच्या रात्री, भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला चढविल्याचे अनेक वाहिन्यांनी बेधडक सांगितले. प्रत्यक्षात तसे काहीच घडले नव्हते. २००८मध्ये खरे दाखवून शत्रूला साहाय्य झाले. २०२५मध्ये खोटे सांगून. राष्ट्रभक्तीच्या आवेशात उच्चारलेले असत्यही असत्यच असते. त्यामुळे शत्रूच्या अपप्रचाराला आयते कोलीत मिळते आणि सैन्यदलांनी संयमाने केलेल्या सत्य निवेदनाकडेही जग संशयाने पाहू लागते. रणांगणावर सैनिकाने कमावलेली विश्वासार्हता स्टुडिओत बसून उधळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे. या मालमत्तेचा धनी सामान्य प्रेक्षक आहे आणि वाहिन्यांचे जाहिरातींचे उत्पन्नही त्याच्याच संख्येवर अवलंबून आहे. म्हणूनच केवळ वाहिन्यांना दूषणे देऊन भागणार नाही. कानाला गोड वाटणारी वार्ताही पारखून घेणे आणि खातरजमेवाचून ती पुढे न पाठविणे, हे व्रत प्रत्येक कुटुंबाने व कार्यकर्त्याने अंगीकारले पाहिजे. जागरूक समाजच माध्यमांना त्यांच्या कर्तव्याचे भान देऊ शकतो.